पंधरा मिनिटांची अट

ऑर्केस्ट्राच्या त्या कंडक्टरला मी अजून माफ केलेलं नाही. मुलीची निवड झाली त्याच दिवशी एक वाक्य बोलायला त्याला किती वेळ लागला असता? "बेटा, या रचनेला दुसरं क्लॅरिनेट लागतं." एवढंच. तो बोलला नाही, आणि पुढचं सगळं त्यातून झालं, असं मी म्हणते. घरात ते कुणी मानत नाही.

माझं शिक्षण दहावी. लग्न होऊन साताऱ्याहून दिल्ली कँटोन्मेंटला आले तेव्हा हे फौजेत नाईक होते. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडून मी जवानांच्या पोरांचे शाळेचे शर्ट शिवायला घेतले. आज नोएडात माझं स्वतःचं युनिट आहे, बावीस मशीन चालतात. हे मला कुणी दिलेलं नाही. दिल्लीतल्या गांधीनगरच्या कापडबाजारात उभी राहून, व्यापाऱ्यांशी भांडून मिळवलंय. तिथं मी एक गोष्ट शिकले. समोरचा पहिल्यांदा जे बोलतो ते खरं नसतं. भाव असो, माप असो, मुदत असो, तो हातचं राखूनच बोलतो. त्याला तिथून खाली आणायचं असतं.

कँटोन्मेंटमध्ये शेजारच्या क्वार्टरला रेजिमेंटच्या बँडमधले एक गढवाली हवालदार राहायचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. ते क्लॅरिनेटचा सराव करायला लागले की माझी आठ वर्षांची मुलगी त्यांच्या दारात जाऊन उभी राहायची. एक दिवस त्यांनी ते तिच्या हातातच दिलं. पुढं ते रिटायर होऊन गाझियाबादला गेले, तरी ती दर रविवारी तिकडं जायची. नऊ वर्षं. उस्तादांनी आमच्याकडून कधी काही घेतलं नाही. दिवाळीला मी शिवलेला एक शर्ट, तेवढाच.

दिल्लीत तरुण मुलांचा एक पाश्चात्त्य संगीताचा ऑर्केस्ट्रा आहे. दर हिवाळ्यात एका कार्यक्रमासाठी ते तीन मुलं निवडतात. आमच्या गावाकडं ऑर्केस्ट्रा म्हणजे जत्रेतली सिनेमाची गाणी, म्हणून मी विचारलं, "तू गाणार की वाजवणार?"

"आई, कॉन्चेर्टो! म्हणजे मी एकटी पुढं उभी राहून वाजवणार, आणि सगळा ऑर्केस्ट्रा माझ्या मागं."

"किती जण?"

"चाळीस."

चाळीस जण माझ्या पोरीच्या मागं. ते मला आवडलं.

निवडीला ती एकटीच वाजवून आली. बिल्कुल छान झालं, म्हणाली, आणि निवडही झाली. ऑर्केस्ट्राबरोबरची पहिली तालीम कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी होती. मी मागच्या खुर्चीवर बसले होते. आधी ऑर्केस्ट्रानं दोन-तीन मिनिटं वाजवलं, मग तिनं फुंकर घातली, आणि कापडावर कात्री आडवी जावी तसं काहीतरी झालं. मला वाटलं, ऑर्केस्ट्राच चुकला. कंडक्टरनं हात खाली केला.

"ये कौन सा क्लॅरिनेट है?"

"बी फ्लॅट, सर."

"और ए वाला?"

"सर, मेरे पास यही है।"

व्हायोलिनवाल्यांत कुणीतरी हसलं. मग कळलं ते असं. क्लॅरिनेट दोन लांबीची असतात. बँडमध्ये आखूडच, म्हणजे बी फ्लॅटच वाजवतात. हा कॉन्चेर्टो मात्र दोन बोटं लांब असलेल्या 'ए' क्लॅरिनेटसाठी लिहिलेला. बोटं तशीच ठेवून आखूडवर वाजवलं की प्रत्येक सूर अर्ध्यानं वर चढतो. एकटं वाजवताना ते कुणाच्या लक्षात येत नाही. उस्तादांनी चाळीस वर्षांत लांब क्लॅरिनेट हातात धरलेलंसुद्धा नव्हतं.

मी उठून पुढं गेले. "आपने पहले क्यों नहीं बताया?"

"मॅडम, हमें लगा दूसरा होगा ही। सबके पास होता है।"

या 'सबके'नं माझं डोकं फिरलं. "तो अपने चालीस लोगों को बोलो, आधा सुर ऊपर चढ़ जाएँ!"

आता सगळेच हसले. मुलगी खाली मान घालून म्हणाली, "आई, प्लीज. बस ना."

तो म्हणत होता, उद्यापर्यंत आणा, नाहीतर दोनच सोलोइस्टचा कार्यक्रम करू. भांडून मी पाच दिवस घेतले.

दिल्लीच्या दुकानांत ते मिळत नव्हतं, आणि मागवलं तर महिना लागणार होता. ऑर्केस्ट्रातल्या एका मुलीनं सांगितलं की मुनिरकाला एका मणिपुरी विद्यार्थ्याकडं आहे. पूर्वी तो वाजवायचा, आता पीएच.डी. करतो. आम्ही दोघी मेट्रोनं गेलो. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, पलंगाखाली पेटी. त्याच्या गुरूनं दिलेलं लाकडी क्लॅरिनेट होतं. माझ्या मुलीकडं बघूनच तो तयार झाला. माझ्या बोलण्याची गरजच पडली नाही.

"बस एक बात," तो म्हणाला. "साल भर से बजा नहीं है। लकड़ी सूखी है। पहला हफ़्ता रोज़ पंद्रह मिनट, उससे ज़्यादा नहीं। ठंड में गरम साँस जाती है तो फट जाता है।"

"एक घंटा," मी म्हटलं.

"पंद्रह मिनट।"

"अरे, आधा तो दो!"

"आंटी, ये मेरी शर्त नहीं है। लकड़ी की है।"

मी हो म्हटलं. मनात हिशेब केला, पंधरा म्हणतोय म्हणजे तासभर सहज चालेल.

दोन दिवस मुलीनं मोबाइलवर वेळ लावून पंधराच मिनिटं वाजवलं. मग ते पुसून पेटीत ठेवायची आणि बाकीचा सराव आपल्या जुन्यावर करायची. लांब क्लॅरिनेटवर तिची बोटं अजून अडखळत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मला राहवलं नाही.

"पंधरा मिनिटांत काय होणार? परवाच्या तालमीला पुन्हा सगळ्यांसमोर हसं करून घ्यायचंय का?"

"आई, तो म्हणाला ना."

"देणारा हातचं राखूनच सांगतो. वाजव तू. काही झालं तर मी बघते."

तिनं वाजवलं. जानेवारीचं धुकं काचेला टेकलेलं, खोलीत हीटर. पहिल्या तासानंतर बोटं बसली. मधला संथ भाग तिनं सलग वाजवला तेव्हा मी पोळ्या थांबवून दारात उभी राहिले. इतकं गोड तिनं नऊ वर्षांत कधी वाजवलं नव्हतं. दुसरा तास संपत आला तेव्हा सूर एकदम फाटला. तिनं क्लॅरिनेट खिडकीशी नेऊन फिरवून बघितलं. वरच्या तुकड्यावर केसासारखी एक रेघ होती, थेट दोन भोकांमधून गेलेली.

ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलट ओरडले असते.

जुन्या दिल्लीतला दुरुस्तीवाला म्हणाला, भर दूँगा, सुर की गारंटी नहीं. कंडक्टरला मी फोनवर वाट्टेल ते बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि कार्यक्रम दोनच मुलांचा केला.

मुनिरकाला परत जाताना मुलीच्या हातात दोन पेट्या होत्या. जिन्यात ती थांबली. "वर तू बोलायचं नाहीस. एक शब्दही नाही."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. तडा आधीचाच असेल, जुनं लाकूड, वर्षभर पलंगाखाली पडलेलं. मी ते गिळलं.

"मैंने ज़्यादा बजाया," तिनं त्याला सांगितलं. कुणी वाजवायला लावलं, ते सांगितलं नाही. त्यानं त्या रेघेवरून अंगठा फिरवला, बराच वेळ. मग तिनं तिची पेटी पलंगावर ठेवली. "ये आप रख लीजिए।"

मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. आता हा नको म्हणेल. माणूस निदान दोनदा तरी नको म्हणतो. त्यानं पेटी उघडली, आतलं क्लॅरिनेट बघितलं, पेटी बंद केली आणि म्हणाला, "ठीक है।"

त्याचाही मला राग आहे.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, "नवीन घेऊ. दोन्ही घेऊ, लांब आणि आखूड." ती नको म्हणाली. उन्हाळ्यात पुन्हा विचारलं, तेव्हाही नको. आता ती कॉलेजला जाते आणि रविवारी उशिरापर्यंत झोपते.

उस्तादांचा फोन अजून रविवारीच येतो. ती घेत नाही, मग मी घेते. परीक्षा चालू आहे, असं सांगते. त्यांना फक्त पहिल्या तालमीपर्यंतचंच माहीत आहे. मुनिरका आणि ते दोन तास मी त्यांना कधी सांगितले नाहीत. दर वेळी ते म्हणतात, "ग़लती मेरी है बहनजी, मुझे मालूम होना चाहिए था। बच्ची से कहना, माफ़ कर दे।"

मी म्हणते, "कह दूँगी।"