येप तेकहुईचं तिसरं अक्षर

गिऱ्हाइकाला 'पुन्हा या' न म्हणणारा मलेशियातल्या पिनांगातला एकमेव दुकानदार म्हणजे येप तेकहुई. तो थडग्यांचे दगड कोरायचा. जोडप्यातलं एक गेलं की दुसऱ्याचंही नाव शेजारी कोरून लाल रंगवायचं, ही तिथल्या चिनी लोकांची रीत. लाल म्हणजे माणूस अजून जेवतंखातं आहे. 'लाल नावानं आयुष्य वाढतं,' असं तेकहुई छातीठोक सांगे. स्वतःची बायको गैकलान गेली, तेव्हा मात्र हा गडी टरकला. तिच्या शेजारची आपली जागा त्यानं कोरी ठेवली.

दगडांवरची अक्षरं गैकलान कॉम्प्युटरवर काढायची आणि यंत्र ती कोरायचं. तेकहुईचं अक्षर म्हणजे चिखलातून गेलेली कोंबडी. म्हणून आजारपणात तिनं त्याच्या नावाची तिन्ही अक्षरंही काढून ठेवली. म्हणाली, "तू काढलंस तर शेजारी झोपायची मला लाज वाटेल."

पुढे स्मशानाच्या समितीनं फर्मान काढलं, थडग्यांचे नकाशे ऑनलाइनच पाठवा. ते जुन्या विंडोजला झेपेना, आणि कोरायचं यंत्र नव्या विंडोजला ओळख दाखवेना. शेवटी दुरुस्तीवाला परमसिवम आला.

"एकाच घरात दोन्ही विंडोज नांदतील, अंकल. म्हातारा आधी बसलेला हवा, तरणा मागून. तरणा म्हाताऱ्याला सांभाळून घेतो. म्हाताऱ्याला तरणा जन्मलाय हेच माहीत नसतं."

"आमच्या घरासारखंच म्हण की."

"तरण्याला खोली लागेल. या 'डी' ड्राइव्हमध्ये काय आहे?"

"बायकोचा पसारा. गाणी, मालिका. मी कधी उघडलं नाही."

"नक्की? पुसलं की गेलं."

"पूस रे. तिची अक्षरं यंत्रात आहेत."

परमसिवमनं 'डी' पुसून तिथे नवं विंडोज बसवलं. कॉम्प्युटर सुरू केला की पडदा अदबीनं विचारू लागला: जुनं की नवं? तेकहुईनं जुनं निवडलं. यंत्रात अक्षरं नव्हती. यंत्र नुसतं कोरायचं, साठवायचं नाही. अक्षरं पसाऱ्यातच होती. परमसिवमनं जमेल तेवढं खरवडून पाहिलं, पण नव्यानं जुन्यावर बस्तान मांडलं होतं.

मग दोघं कागद आणि कोळसा घेऊन स्मशानाच्या टेकडीवर गेले. गैकलानची अक्षरं परक्यांच्या थडग्यांवर तर होतीच. कागद लावून, कोळसा घासून 'येप' मिळालं. येप आडनावाच्या मेलेल्यांची कधीच कमतरता नव्हती. 'तेक' एका खाटकाच्या दगडावर सापडलं. 'हुई' मात्र कुठेच मिळेना. तिच्या हयातीत त्या नावाचं कुणी मेलंच नव्हतं.

तेकहुईनं ती दोन अक्षरं गैकलानच्या नावाशेजारी कागदावरून जशीच्या तशी स्वतः छिन्नीनं कोरली, लाल रंगवली आणि तिसऱ्याची जागा सोडली.

"अंकल, एवढं एक हातानं काढा. अर्ध्या नावावर तुम्हाला वर आत घेणार नाहीत."

तेकहुई ब्रश पुसत राहिला. "उभा राहीन बाहेर," तो म्हणाला. "मला उशीर होतो, हे तिला ठाऊक आहे."