ताईच्या पत्रिकेतली कललेली अक्षरं

ते अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं गेवराईत, पत्रिका छापणाऱ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर. बोरूनं लिहिल्यासारखं, उजवीकडं कललेलं. वारा सुटला की ज्वारीचं रान एका अंगाला झुकतं, तसं. वेलांटी पुढच्या दोन अक्षरांवरून वळत जायची, उकाराची शेपटी खाली लांब सुटायची, आणि वरची रेघ तर जागोजागी विरून गेलेली. मी किती वेळ बघत राहिले, सांगता येणार नाही. घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, म्हणून ताईच्या लग्नपत्रिकेचं काम माझ्याकडं आलं होतं. मला वाटलं, सगळी पत्रिका ह्याच अक्षरात हवी.

दुकानातले काका म्हणाले, "हे अक्षर लई नखऱ्याचं हाय, पोरी. नावांपुरतं घे. सगळंच त्यात घातलं तर पाव्हण्यांना मंडप सापडायचा न्हाई."

मी ऐकलं नाही. सगळ्या पत्रिकेचा त्याच अक्षरातला नमुना घेऊन घरी तलवाड्याला आले.

आमच्याकडं पहिली पत्रिका हळदकुंकू लावून मारुतीपुढं ठेवतात आणि घरातलं मोठं माणूस ती मोठ्यानं वाचतं. आजवर आम्ही दुसऱ्याला बोलावून वाचून घ्यायचो. ह्यावेळी अण्णा, माझे वडील, स्वतः वाचणार होते. मी पहिलीत असताना माझ्याच पुस्तकावरून ते वाचायला शिकले. विहिरीत उतरताना दोर धरावा तसं शब्दावरच्या रेघेला बोट लावून वाचतात.

अण्णांनी नमुन्यावर बोट ठेवलं. "श्री..." पुढं बोट अडखळलं. त्यांनी कागद तिरका धरून पाहिला. अक्षरं उभी राहिली, पण ओळी चढणीला लागल्या.

चुलीपासून आत्या हसली, "काय रे दादा, कावून थांबला? शाळा सुटली का काय?"

"चष्म्याचा नंबर वाढला वाटतं," अण्णा म्हणाले. मग माझ्याकडं न बघता, "देवापुढं तूच वाच, बाई. चांगली झालीया पत्रिका."

कालच त्यांनी खताच्या पोत्यावरची बारीक अक्षरं वाचली होती, त्याच चष्म्यानं.

दुसऱ्या दिवशी मी परत दुकानात गेले. "काका, तुमी म्हणाला तसंच करा," एवढंच म्हटलं. त्यांनी सगळा मजकूर ठळक, सरळ, वर अखंड रेघ असलेल्या अक्षरात घेतला. मधोमध फक्त ताईचं आणि भावजींचं नाव कललेलं ठेवलं. आणि मला नवल वाटलं. सगळीकडं होतं तेव्हा ते अक्षर मला नीट दिसलंच नव्हतं. आता त्या उभ्या ओळींमधून ती दोन नावं हळूच वाहत होती.

मारुतीपुढं अण्णांनी सावकाश, एकही शब्द न गाळता वाचलं. बोट रेघेवरून सरकत होतं. मधल्या नावांपाशी रेघ संपली, पण ते थांबले नाहीत. ती नावं त्यांना वाचावी लागणार नव्हती. दोन्ही नावं उच्चारून झाली, तरी बोट मात्र ताईच्या नावातल्या उकाराच्या शेपटीवरून वळणावळणानं फिरत राहिलं, पार ती संपेपर्यंत. मग त्यांनी खालच्या ओळीची रेघ धरली.