कडक भाकरीची तार

विरुपाक्ष मैंदर्गीकर सोलापूरच्या पोस्टात तारखिडकीवर बावीस वर्षं बसले. खिडकीपुढचा प्रत्येक जण काहीतरी विचारायचाच. म्हणून १९३४ च्या माघात त्यांनी पंधरा दिवसांची रजा काढली आणि हवापालटाला एकटेच वेंगुर्ल्याला गेले. पंधरा दिवस कुणी काही विचारायचं नाही, एवढीच त्यांची अट.

तयारी चोख होती. पत्नी बसव्वानं पापडासारख्या कडक वाळवलेल्या ज्वारीच्या तीस भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून दिली होती. महिनाभर टिकणारं अन्न; कुणाच्या पंक्तीला बसायला नको.

समुद्राकाठी खोली मिळाली. मालकीण उमाबाईंनी दारातच विचारलं, "एकटेच? मंडळी कुठं? मुलं किती?" विरुपाक्ष सामान टाकून थेट किनाऱ्यावर गेले. परतले तर भाकऱ्यांचं गाठोडं रिकामं.

"दगड झाल्या होत्या हो तुमच्या भाकऱ्या," उमाबाई म्हणाल्या. "भिजवून म्हशीला घातल्या. आता माझ्याकडेच जेवायचं, लाजायचं नाही."

"अहो, त्या तशाच असतात!"

"काहीतरीच! भाकरी कधी वाजते का?"

मग दोन्ही वेळा भात, सोलकढी आणि प्रश्न. पगार किती, थोरलीचं लग्न कुठं जमलं, धाकटी अजून का राहिली. चौथ्या दिवशी विरुपाक्षांनी पोस्ट गाठून घरी तार केली: भाकरी पाठवा, तातडीनं.

"घरी कोण आजारी?" खिडकीतल्या कारकुनानं विचारलं. विरुपाक्षांनी पैसे मोजून ठेवले आणि ते पायऱ्या उतरले.

तार आली की घरात आधी रडतात आणि मग वाचतात, हे बावीस वर्षं पाहिलेला हा माणूस. त्या दिवशी तेवढं विसरला.

सातव्या दिवशी मोटारीतून बसव्वा उतरली. मागून तिचा भाऊ मडिवाळप्पा, डोक्यावर भाकऱ्यांचं पोतं.

"तार बघून माझ्या जिवाचं पाणीच झालं की!" बसव्वा म्हणाली.

"तारेत भाकरी लिहिलं होतं!"

"वाचतंय कोण? रडून झाल्यावर वाचली. तवर ह्यानं तिकिटं काढली होती."

उमाबाईंनी पोत्यातली एक भाकरी मोडली. कट्कन आवाज झाला. "अगंबाई, खरंच अशाच असतात?" असं म्हणत त्या बसव्वाला हाताला धरून आत घेऊन गेल्या. आतून ऐकू आलं, "थोरलीचं कुठं जमलं म्हणालात?"

रजेचे आठ दिवस उरले होते. विरुपाक्षांनी चप्पल चढवली आणि किनाऱ्याची वाट धरली. मडिवाळप्पा मागोमाग निघालाच.

"दाजी, ह्यो समुद्र रात्रीबी असाच वरडतो व्हय?"