पगाराच्या वरचे पैसे

माझ्या नवऱ्याने मासळीचा टेम्पो सोडला आणि बंदरातल्या कंटेनरचा ट्रेलर हातात घेतला, तेव्हा दोन-तीन महिन्यांतच आमच्या घरात पैसा दिसायला लागला. मला आनंद झाला, पण पुरता नाही. टेम्पोवर असताना काशीदला मासळी भरायची, मुंबईला टाकायची आणि महिनाअखेर बारा हजार हातात पडायचे. कमी होते, पण ते कुठून आले हे मला ठाऊक असायचं. ट्रेलरचा पगार सोळा हजार ठरला होता. ट्रेलरच्या मालकाने, शेठनेच तो माझ्यादेखत सांगितला होता. आणि हे घरी आणत होते पस्तीस, एखाद्या महिन्यात त्याहून जास्त.

विचारलं तर म्हणायचे, भत्ता असतो. भत्ता किती, तर फेरीवर असतं. फेऱ्या किती झाल्या, तर बंदरात काम असेल तेवढ्या. एवढं झालं की ते मुलीला उचलून अंगणात जायचे. पगार बँकेत जमा व्हायचा, वरचे पैसे मात्र रोख यायचे, आणि त्या नोटांना डिझेलचा वास असायचा. ड्रायव्हरच्या शर्टापासून डब्यापर्यंत सगळ्यालाच तो वास असतो, म्हणून मी पहिल्यांदा मनावर घेतलं नाही. पुढे मात्र नोटा हातात आल्या की मी आधी त्या हुंगून बघायची.

सासूबाईंना असले प्रश्न पडत नव्हते. "ट्रेलरवाल्याला पैसा हाय, त्यात काय नवल," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. आमच्या पेण बाजूच्या गावात घरटी एक तरी माणूस गाडीवर आहे. ज्यांची मिठागरं बंदरासाठी गेली त्यांतल्या काहींनी गाड्या घेतल्या, बाकीचे त्या गाड्यांवर ड्रायव्हर झाले. आमचा शेठही असाच, पलीकडच्या गावचा.

शेजारच्या ताईंचा नवरा त्याच शेठकडे होता, माझ्या नवऱ्याच्याही आधीपासून. एकदा बचत गटाची बैठक उठल्यावर आम्ही दोघी मागे राहिलो आणि त्यांनी मला विचारलं की तुझे किती आणतात. मी खरं ते सांगितलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, "माझा बावीसच्या वर कधी आनत न्हाय. मंग बाकीचं कुठं घालतो?"

त्या दिवसापासून त्यांच्या घरात रोज कुरबुर सुरू झाली. त्या नवऱ्याचे खिसे तपासायच्या, फोन बघायच्या, तो आंघोळीला गेला की बॅग उपसायच्या. आणि भिंतीच्या अलीकडे मी वेगळाच हिशोब मांडत होते. शेठ एकच, रस्ता एकच, गाड्याही एकसारख्या, आणि दोन घरांत पोचणारे पैसे वेगळे. म्हणजे दोघांतला एक काहीतरी लपवत होता. ताईंना वाटत होतं त्यांचा. मला वाटत होतं माझा.

मे महिन्यात मी ह्यांना म्हटलं, मला एकदा गाडीतून घाट बघायचाय. ते चमकले. बायकांना गाडीत बसवलं तर शेठ ओरडतो म्हणाले, मग ऊन फार आहे म्हणाले, मग मुलीचं काय म्हणाले. मुलीला सासूबाईंनी ठेवून घेतलं. कारणं संपल्यावर ते म्हणाले, "बरं, चल." त्यांच्या त्या नाखुशीने माझा संशय आणखीच पक्का झाला.

अर्धा दिवस आम्ही बंदराबाहेर रांगेत उभे होतो. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, इंजिन बंद, पत्रा तापलेला. मी विचारलं, ह्या वेळेचे पैसे मिळतात का? ते हसले. उभ्या गाडीचा पैसा कुणी देत नाही, चाक फिरलं तरच फेरी. कधीकधी दोन-दोन दिवस असे जातात, असं त्यांनी सांगितलं. हे त्यांनी मला घरी कधीच सांगितलं नव्हतं. खरं सांगतायत, की मला ऐकवण्यापुरतं, हेही मला कळेना.

कंटेनर चढल्यावर आम्ही पुण्याच्या रस्त्याला लागलो. ह्यांची गाडी इतकी सावकाश, की मागचे सगळे आम्हाला मागे टाकून जात होते. विचारलं तर एकच शब्द, "ॲव्हरेज." खोपोलीच्या अलीकडे, घाट लागायच्या आधी, त्यांनी गाडी रस्त्यावरून खाली घेतली आणि एका बंद पडलेल्या ढाब्यामागे लावली. मला म्हणाले, तू बस, मी आलो. मी आरशातून बघत राहिले. एक माणूस दोन कॅन आणि एक नळी घेऊन आला. टाकीचं झाकण उघडलं, नळी आत गेली, कॅन भरले. त्याने ह्यांच्या हातात नोटा ठेवल्या. ह्यांनी त्या न मोजताच खिशात घातल्या, म्हणजे भाव ठरलेला होता आणि माणूसही नेहमीचा.

ते वर आले तेव्हा मी म्हटलं, "ही चोरी आहे ना?"

त्यांनी गाडी सुरू केली. घाटाचं पहिलं वळण चढवलं. मग रस्त्यावरची नजर न काढता सांगायला लागले. शेठ किलोमीटरवर हिशोब करून डिझेल देतो. गाडी जपून चालवली तर त्यातलं थोडं उरतं. सगळे ड्रायव्हर ते विकतात. शिवाय वाटखर्चाला जी रोकड मिळते, त्यातलीही ते चहा-जेवणात काटकसर करून मागे ठेवतात. पगार, भत्ता, वाचवलेली खर्ची आणि हे डिझेल, असे मिळून ते पस्तीस होतात.

"उरलेलं शेठला परत का देत नाही?"

"दिलं होतं एकदा. पुढच्या फेरीला तेवढंच कापून दिलं."

"शेठला ठाऊक आहे?"

"असणारच."

त्या 'असणारच'वर माझं समाधान झालं नाही. पकडले गेले तर नोकरी जाईल, पोलीस येतील, गावात तोंड दाखवता येणार नाही, हेच सगळ्या घाटभर डोक्यात फिरत होतं. परत आल्यावर ते यार्डात कागदांवर सह्या घेत होते, तेवढ्यात मी सरळ शेठच्या ऑफिसात गेले. शेठने चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही. गाडीतलं उरलेलं डिझेल ड्रायव्हर विकतात हे तुम्हाला ठाऊक आहे का, असं विचारलं.

शेठने माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता शेठ ह्यांना आत बोलावतील. पण ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, ठाऊक नसतं तर पगार सोळा हजार ठेवला असता का?"

 म्हणजे ह्यांच्या कमाईचा मोठा वाटा शेठने चोरीच्या नावावर टाकून ठेवला होता. चाललं आहे तोवर चालू द्यायचं, आणि नको झाला माणूस की हेच कारण सांगून काढायचं. शेठने हातात धरून ठेवलेला तो दोरा मला तिथे बसल्या बसल्या दिसला. उठताना मी शेजारच्या ताईंच्या नवऱ्याचं विचारलं. शेठ हसले. "तो काय विकणार? गाडी पळवतो. घरची ओढ. त्याचं उरतच नाही काही."

हे मी ताईंना जसंच्या तसं सांगितलं. वाटलं होतं, त्यांच्या जिवाला बरं वाटेल. त्यांनी विचारलं, "तुला कुनी सांगितलं, शेठनं?" मी हो म्हटलं. "मंग व्हय. शेठ नि तो एकाच ताटातले," असं म्हणून त्या आत गेल्या. खिसे तपासणं काही थांबलं नाही.

पुढच्या वर्षी शेठने सगळ्या गाड्यांच्या टाक्यांना सेन्सर बसवले. टाकीतून थेंब गेला तरी त्याच्या मोबाईलवर दिसायचं. पगार दोन हजारांनी वाढवला आणि वर सगळ्यांना पेढे वाटले. त्या महिन्यात ह्यांनी तेवीस हजार आणले. नोटांना वास नव्हता, आणि मी बऱ्याच दिवसांनी निवांत झोपले. पण त्या पस्तीसच्या भरवशावर घेतलेल्या मोटारसायकलचा हप्ता होता, मुलीची शाळा होती, आणि ड्रायव्हरला खरोखर किती सुटतात हे आता कळलं होतं. रांगेत उभं राहायला लागलं तर तेवीससुद्धा नाहीत.

सासूबाईंना हे पटेना. गाडी तीच, शेठ तोच, लेक तोच, मग पैसा कमी कसा?  काही दिवसांनी नणंदेकडून कानावर आलं, की बाकीचे पैसे मी म्हसळ्याला माहेरी पाठवते असं त्यांना वाटतंय. ह्यांनी आईला समोर बसवून सेन्सरची गोष्ट समजावून सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बायकोनं पढवल्यावानी बोलतोस."

तेव्हापासून मी एक पद्धत पाडली आहे. पगार झाला की हे सगळे पैसे बँकेतून काढून आणतात आणि माझ्यादेखत आईच्या हातात देतात. सासूबाई ते दोनदा मोजतात, पदराखाली धरतात, आणि मग हळूच माझ्याकडे बघतात.