विजयाबाईंनी उठवलेला देव

रायपूरच्या गुढियारीत विजयाबाई पोहनकरांचं घर शोधायला पत्ता लागत नाही. ज्या घरात गॅसच्या सिलिंडरला, कुलरला, मिक्सरला, इतकंच काय जावयाच्या लॅपटॉपलाही हळदीकुंकवाचं बोट लागलेलं दिसेल, ते घर त्यांचं. रेल्वेच्या रिझर्वेशन खिडकीवर सारी नोकरी काढली, तर तिथल्या कॉम्प्युटरलाही दसऱ्याला झेंडूची माळ घालून साहेबाची बोलणी खाल्ली. "ज्याच्यावर आपला जीव, त्याले कुंकू," हे बाईचं साधं गणित. नवरा नरहरी, मालगाडीचा गार्ड म्हणून रिटायर झालेला, म्हणायचा, "मी जरा वेळ एका जागी बसलो, का मलेही लावून मोकळी होईन ही."

अशा बाईच्या हातून पुढचं सगळं झालं, यात नवल ते काय?

विजयाबाईंचे वडील धरणाच्या कामावर ओव्हरसियर. मूळचे भंडाऱ्याकडचे, नोकरीपायी इकडे छत्तीसगडात आले. रायपूरपासून लांब, जंगलात, कामावरच्या क्वार्टरांत बाईंचं लहानपण गेलं. क्वार्टरांमागं टेकडी, टेकडीच्या माथ्यावर लहानमोठ्या दगडांचं रिंगण आणि मधोमध कंबरेइतका एक उभा दगड. कोणी मांडलं, कशाला मांडलं, कोणाला ठाऊक? क्वार्टरांतल्या पोट्ट्या तिथं भातुकली मांडायच्या. मग धरण भरलं, आसपासची गावं पाण्याखाली गेली आणि टेकडीचा माथा तेवढा बेट होऊन वर राहिला. वडिलांची बदली रायपूरला झाली, ते दगड मागंच सुटले.

रिटायर झाल्यावर विजयाबाईंनी नवऱ्याकडं एकच हट्ट धरला. "काशी नको न् रामेश्वर नको. मले माह्या दगडांपाशी घेऊन चाल."

सोबत शेजारची ऋता होती. ती कॉलेजात इतिहास शिकवते. रस्ता जिथं संपतो त्या गावातून शालिग्राम नावाच्या नावाड्यानं त्यांना बेटावर नेलं. पाणी इतकं पसरलेलं की नरहरी नावेच्या काठाला घट्ट धरून बसला होता. वर पोचल्यावर ऋता रिंगण पाहून एकेक दगड हातानं चाचपत फिरली.

"काकू, हे शिळावर्तुळ आहे. माणसानं काही लिहून ठेवायच्या आधीचं. याच्याखाली त्यांची माणसं असतात पुरलेली, त्यांची भांडी, बांगड्या, सगळं."

विजयाबाईंनी मधल्या दगडावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस आम्ही त्यांच्या उशाशी खेळून राहिलो होतो न् त्यांनी एका शब्दानं हटकलं नाही." डोळ्यांत पाणी आलं होतं बाईच्या. दगडांवर जीव होताच, आता त्याखालच्या माणसांवरही बसला.

पण रिंगणात जागोजागी भगदाडं पडली होती. पिकनिकवाले चुलीला दगड उचलत, मासे धरणारे जाळ्याला वजन म्हणून नेत. ऋतानं सरकारच्या पुरातत्त्व खात्यात अर्ज दिला. खातं म्हणालं, पाहू. आता खात्याचं 'पाहू' म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहेच. विजयाबाईंना तेवढा धीर कुठला? पुढच्या खेपेला ऋता नसताना त्यांनी पिशवीतून शेंदूर काढला, तेलात कालवला आणि मधल्या उभ्या दगडाला वरपासून खालपर्यंत फासून टाकला.

"आता लावा म्हणा हात."

आणि खरंच कोणी हात लावला नाही. रिंगणातला एकही दगड जागचा हलेनासा झाला. बाई पाऱ्यात, म्हणजे आपल्या मोहल्ल्यात, ताठ मानेनं फिरू लागल्या. सरकारला जे जमलं नाही ते पावशेर शेंदरानं केलं, असं भाजीवाल्यालाही सांगून झालं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटाला शालिग्रामचा फोन आला. "दीदी, खुशखबरी है."

त्यांच्या देवाला लोक नवस बोलू लागले होते. शेंदरावर शेंदूर चढला होता, झेंडा लागला होता, घंटा आली होती. आता नवरात्रीच्या आत तिथं सिमेंटचा पक्का चबुतरा बांधायचा, वर पत्रा टाकायचा. सिमेंटची पोती नावेतून पोचलीसुद्धा. "और ईंट की जरूरत ही नहीं, दीदी. चारों तरफ के पत्थर नींव में डाल देंगे. भूमिपूजन आपके ही हाथ से होगा, देवता तो आप ही बिठाए हो."

विजयाबाईंनी फोन ठेवला आणि झालं ते नवऱ्याला सांगितलं.

"घ्या," नरहरी म्हणाला, "दगड वाचवायले गेली न् देव करून बसली." पण त्या संध्याकाळी बाई जेवल्या नाहीत, तेव्हा त्यानं थट्टा गुंडाळून ठेवली. "रडून काय होते? तू बसवला, तूच निस्तर. बॅग भर, मी येतो संगं."

गावात चौपालावर, त्यांच्या चावडीवर, माणसं जमली. ऋतानं कायदा सांगितला. लोक म्हणाले, मॅडम, कागद दाखवा. कागद अजून आलाच नव्हता. मग विजयाबाई उठल्या. मराठी, हिंदी, छत्तीसगढीची खिचडी करत म्हणाल्या की बसवला मीच, पण देव म्हणून नाही, राखणदार म्हणून बसवला. त्या रिंगणाखाली माणसं झोपलीत, फार फार जुनी. राखणदारासाठी धन्याचंच घर मोडायचं का? एक जण फणकारला, देवाला बसवणारी आणि उठवणारी तू कोण? तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, पण तिथं खाली मान घालून उभी राहिली.

शालिग्रामची म्हातारी आई सुकवारो समोरच आपल्या दारापाशी बसून सगळं ऐकत होती. तिनं विचारलं, "पुरखा मन के जगा ए का?"

"हव," विजयाबाई म्हणाल्या. "पुरख्यांची, वाडवडिलांची जागा आहे."

म्हातारीनं पाण्याकडं बोट केलं. "हमर पुरखा मन त पानी म बूड़ गे," ती म्हणाली. तिचं जुनं गाव, गावामागची माती द्यायची जागा, सासऱ्याच्या नावानं उभा केलेला दगड, सगळं त्याच पाण्याखाली होतं. मग ती बाप्यांकडं वळून म्हणाली की ज्यांचे पुरखे वर राहिलेत, त्यांच्या छातीवर तरी सिमेंट ओतू नका. यावर कोण काय बोलणार? तिथं बसलेल्या प्रत्येकाचं कोणी ना कोणी खाली होतं.

पण सुकवारोची एक अट होती. देव असातसा उठत नाही. ज्या हातानं बसवला त्याच हातानं उठवायचा, आणि उठवणाऱ्यानं पुन्हा त्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही. ठेवला, तर देव त्याच्या मागोमाग परत येतो.

नरहरीनं घासाघीस करून पाहिली. "वर्षातून एकखेप तरी, अम्मा?" म्हातारीनं नाही म्हणून मान हलवली. त्या रिंगणापायी धावत आलेली बाई, आणि रिंगण राखायचं तर तिनंच ते सोडायचं. नरहरीला ते सोसेना. "राहू दे विजया," तो हळूच म्हणाला, "दुसरा उपाय पाहू."

"दुसरा पाहता पाहता पाया भरून होईन," विजयाबाई म्हणाल्या आणि सुकवारोला म्हणाल्या, "हव."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोमट तेल लावून दगडावरची शेंदराची खोळ सोडवली. लोखंड लावायचं नाही असं ऋतानं बजावलं होतं, म्हणून नारळाच्या करवंटीनं, हलक्या हातानं, लेकराला न्हाऊ घालावं तसं. खोळीला हळदीकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, आणि गावच्या बायकांसोबत ती पाण्यात सोडली. मग रिंगणाभोवती फिरत एकेका दगडाला हात लावला. कोणी घाई केली नाही. नावेत बसताना बाई हमसून हमसून रडल्या आणि नरहरीनं साऱ्या गावादेखत त्यांचा हात धरून ठेवला.

सिमेंट घाटाच्या पायऱ्यांना लागलं. खात्याची पाटीही आली, उशिरा का होईना. बेटावर आता गावातल्या बायका लक्ष ठेवतात. नेलेले काही दगड तर लोकांनी आपणहून परत आणून दिले. कुठला दगड कुठं होता, यावरून ऋताची आणि त्या बायकांची अजून भांडणं चालू असतात.

हिवाळ्यात पोहनकर जोडपं जातंच. नरहरी आणि ऋता उतरतात. विजयाबाई काठाशी नावेत छत्री उघडून बसतात आणि तिथूनच कारभार हाकतात. "ए, त्या दगडावर नका बसू ना बापा! अहो, तिकडं गवत माजलं आहे, दिसून नाही राहिलं का तुम्हाले?"

यंदा नावेत दोघंच उरल्यावर शालिग्राम म्हणाला, "उतर जाओ ना, दीदी. अम्मा तो अब रही नहीं. कौन देख रहा है?"

"मी पाहून राहिली ना," विजयाबाई म्हणाल्या.

शालिग्रामनं वल्हं उचललं आणि नाव बेटाला वळसा घालून पलीकडं नेली. तिकडून रिंगण जरा जास्त दिसतं.