डाव्या पायाचा गोल

मी नऊ वर्षं परदेशात फुटबॉल खेळलो. असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर भलतंच काहीतरी उभं राहतं, म्हणून आधीच सांगून टाकतो. मालदीवमधले दोन क्लब, नेपाळमधला एक, भूतानमधला एक आणि शेवटची दोन वर्षं कंबोडियातला दुसऱ्या डिव्हिजनचा संघ. टीव्हीवर यातलं काही दिसत नाही. मी स्ट्रायकर, म्हणजे गोल मारण्यासाठी बाहेरून आणलेला माणूस. गोल झाले तर पुढचा सीझन तिथेच, नाही झाले तर पुढचा देश. आता गुडघा कामातून गेलाय आणि मी उज्जैनमधल्या एका शाळेत पीटी सर आहे. राहायला नानाखेड्याला.

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या लेखणीवर जगल्या. मूळ पुरुष दरबारात कारकून म्हणून दक्षिणेतून इकडे आला, बाबा बँकेतून निवृत्त झाले. पायांवर पोट भरणारा मी पहिलाच. बाबांना ते बरीच वर्षं अवघड गेलं. मग मालदीवचं पहिलं बोलावणं आलं आणि त्यांना सांगायला एक गोष्ट मिळाली. "याला ट्रायलसुद्धा द्यावी लागली नाही," ते पाहुण्यांना सांगत. "तिथल्या कोचनं नुसता व्हिडिओ बघून बोलावलं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते आमच्या आडनावाचाच भाग वाटायचं.

तो कोच मागच्या हिवाळ्यात उज्जैनला आला.

युरोपातल्या एका छोट्या देशाचे ते गृहस्थ, आता सत्तरीला टेकलेले. पत्नीला घेऊन मांडू, ओंकारेश्वर असं फिरत होते. मेल आली की एक दिवस उज्जैनमध्ये आहोत, भेटशील का. मी शाळेतून सुट्टी घेतली. दुपारी त्यांना घरी जेवायला आणलं. बायकोनं पुरणपोळी केली, शिवाय बाफले, कारण माळव्यात आल्यावर ते खाल्ल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही असं तिचं मत. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. जेवता जेवता त्यांनी बँकेतल्या इंग्रजीत कोचना सांगितलं, "सर, तुम्ही याला फक्त व्हिडिओवरून निवडलंत. आम्ही ते कधी विसरणार नाही."

कोच चावायचे थांबले. माझ्याकडे पाहिलं, हसले आणि म्हणाले, "हो, हो. व्हिडिओ." त्यांच्या पत्नीनं पानात बघत मान खाली घातली. मला वाटलं, पुरणपोळी फारच गोड लागली असेल.

संध्याकाळी मी त्या दोघांना राम घाटावर घेऊन गेलो. आरतीला अजून वेळ होता. पत्नी पायऱ्या उतरून फोटो काढायला गेल्या. आम्ही दोघं वरच्या पायरीवर बसलो. कोच माझ्या गुडघ्यावर थोपटून आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "वडिलांना तू अजून सांगितलं नाहीस. बरं केलंस. या वयात कशाला."

"काय सांगितलं नाही?"

"व्हिडिओचं."

"व्हिडिओचं काय?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. मी थट्टा करतोय का, हे ते तपासत होते, एवढं मला कळलं. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"त्यात तू नव्हतास," ते म्हणाले.

ते थोडे घाईनं सांगायला लागले. त्यांनी पाहिलेल्या व्हिडिओत डाव्या पायाचा स्ट्रायकर होता. पावसातली मॅच, चिखल, आणि त्या मुलानं डाव्या कोपऱ्यातून दोघांना चकवून लांबच्या पोस्टच्या आतून गोल मारलेला. "तो गोल मी चार वेळा पाहिला. एजंटला सांगितलं, हा पाहिजे. एजंटनं नाव पाठवलं, तुझं. तू आलास. दुसऱ्या दिवशी सरावात तुला डाव्या पायानं मारायला सांगितलं. आठवतं?"

आठवत होतं. माझे सगळे फटके आभाळात गेले होते. मी समजलो होतो, कोच माझा कच्चा पाय पक्का करतायत. किती बारकाईनं बघतात, असं मी घरी फोनवर सांगितलंही होतं.

"मी एजंटला फोन केला. तो म्हणाला, चूक झाली, त्या संघात मध्य प्रदेशातले दोन जण होते, पण हाही चांगला आहे. तोपर्यंत नोंदणीची मुदत संपली होती. मी ठरवलं, अर्ध्या सीझननंतर तुला परत पाठवायचं. पण तू पळायचास. कुणीच इतकं पळत नव्हतं. मग राहू दिलं."

"आणि बाकीच्यांना?"

"सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून तर तुला ते 'व्हिडिओ' म्हणायचे." ते थांबले. "तुला काय वाटायचं, का म्हणायचे?"

मला वाटायचं, मी रोज संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत बसून आईला व्हिडिओ कॉल करायचो म्हणून. लाडाचं नाव समजून मी ते दोन सीझन मिरवलं. गोल मारल्यावर सगळे मिळून "व्हिडिओ, व्हिडिओ" ओरडायचे, तेव्हा मी हात वर करून त्यांच्याकडे पळत जायचो.

कोच म्हणाले, "माफ कर. मला खरंच वाटलं, तुला माहीत आहे." मी म्हणालो, "इट्स ओके, कोच." त्यानंतर आरती सुरू झाली. लोक उभे राहिले, तसा मीही उभा राहिलो. घंटा वाजताना दिसत होत्या पण ऐकू येत नव्हत्या, असं म्हटलं तर खोटं वाटेल. पण मैदानात डोक्याला डोकं आपटल्यावर काही क्षण जसं होतं, तसंच झालं होतं. पाय जागेवर आणि आपण कुठेतरी बाजूला. हॉटेलपर्यंत ऑटोनं सोडलं, त्यांच्या पत्नीशी हात मिळवला, हे सगळं मी केलं असणार.

व्हिडिओत कोण होता, हे विचारावं लागलंच नाही. मालदीवच्या आधी मी कोलकात्यातल्या एका खालच्या डिव्हिजनच्या क्लबात खेळायचो आणि तिथे मध्य प्रदेशातले आम्ही दोघेच होतो. तो रतलामचा. दोघं स्ट्रायकर, दोघं सारख्याच उंचीचे, एकाच खोलीत राहायचो. तो डावखुरा. मला मालदीवचं बोलावणं आलं तेव्हा माझी बॅग त्यानंच टॅक्सीपर्यंत उचलून आणली. पुढच्या सीझनला त्याला कुठूनच विचारणा झाली नाही. खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागला, एवढं मला कुणाकडून तरी कळलं होतं. मी एकदा अभिनंदनाचा मेसेज टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मग काय झालं? पुढचे गोल तर तुम्हीच मारले ना?" थोडं मळून झाल्यावर तिनं विचारलं, "त्याला माहीत आहे?"

मी मागे वळलो तर दारात बाबा पाण्याचा तांब्या घेऊन उभे. किती ऐकलं होतं कोण जाणे. ते तसेच पूजेला गेले. दोन-तीन दिवसांनी शेजारचे काका आले, मालदीवचा विषय निघाला, तसे बाबा सवयीनं म्हणाले, "याला ट्रायलसुद्धा..." आणि तिथेच थांबले. काकांनी वाट पाहिली. "चहा घ्या," बाबा म्हणाले. त्या क्षणी मला घाटावर बसला होता त्यापेक्षा मोठा धक्का बसला. बाबांना गोष्ट अर्धी सोडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी सकाळच्या गाडीनं रतलामला गेलो. त्याचा नंबर जुन्या एका खेळाडूकडून मिळवला होता. येतोय एवढंच सांगितलं होतं, का ते नाही. स्टेशनवर तो स्कूटर घेऊन आला. अंगानं भरलाय, केस पांढरे झालेत, पण चालताना डावा खांदा अजून पुढे टाकतो. रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये त्याच्या बायकोनं चहा आणि शेव ठेवली. मी फार वेळ इकडचं तिकडचं बोलू शकलो नाही. सगळं सांगून टाकलं.

त्याची बायको उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "तो वो बुलावा इनका था?"

"हाँ, भाभी."

ती आत गेली. मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

तो बशीतली शेव बोटानं एका बाजूला सारत राहिला. मग म्हणाला, "कौन सा गोल था?"

मी सांगितलं. मैदान, चिखल, डावा कोपरा, दोघांना कसं चकवलं, चेंडू पोस्टला किती जवळून आत गेला. मला तो गोल नीट आठवत होता, कारण त्या वेळी मी मधे एकटा मोकळा उभा होतो, हात वर करून पास मागत होतो. त्यानं पास दिला नाही म्हणून गोल झाल्यावरही मी त्याच्यावर चिडलो होतो.

"याद नहीं," तो म्हणाला.

मला वाटलं, आठवायला वेळ लागेल. मी आणखी खाणाखुणा दिल्या. त्यानं मान हलवली. "सच में याद नहीं, यार. उस सीज़न में इतने मारे थे." मग पहिल्यांदा त्यानं वर पाहिलं. "तूने कभी सोचा नहीं? गोल मेरे दुगने थे. तुझे ही क्यों बुलाया?"

या प्रश्नाची तयारी मी गाडीत केली नव्हती. खरं उत्तर एवढंच होतं, की त्या कोचला माझ्यात इतरांना न दिसलेलं काहीतरी दिसलं, असं मी धरून चाललो होतो. नऊ वर्षं धरून चाललो. गोल होत नसले, एखाद्या गावात कुणी बोलायला नसलं, की मी तेच स्वतःला सांगायचो. मी त्याला म्हणालो, "सोचा था. गलत सोचा था."

त्यानं बशी माझ्याकडे सरकवली. नंतर म्हणाला की त्या वर्षी आई आजारी होती, बोलावणं आलं असतं तरी तो बहुतेक गेला नसता. कोलकात्यात एका खोलीत राहून मी त्याच्या आईच्या आजाराबद्दल कधी ऐकलं नव्हतं. ते खरं होतं की माझ्यासाठी बोललेलं, मला आजही सांगता येणार नाही. मी विचारलं नाही.

परतीच्या गाडीला तो सोडायला आला. प्लॅटफॉर्मवर बाकावर बसल्यावर त्यानं विचारलं, "पहला मैच कैसा था वहाँ?"

मी सांगायला लागलो. ड्रेसिंग रूममध्ये माझा किट आधीच टांगून ठेवला होता. नकली गवताच्या मैदानावर उन्हानं तळपाय भाजले. पहिला गोल तिसऱ्या मॅचला झाला, तोही नडगीला लागून. तो हसला. "फिर?" मी दुसऱ्या गोलाचं सांगितलं. "और खाने का? मैं तो मछली खाता नहीं." मी म्हणालो, एक तमिळ स्वयंपाकी होता, तो डाळ-भात द्यायचा. "फिर तो चल जाता," तो म्हणाला.

माझी गाडी आली. मी उठलो नाही, तो उठला नाही. पुढची गाडी दीड तासानं होती. मी नेपाळ सांगितलं, भूतानमध्ये सरावात दम कसा लागायचा ते सांगितलं, तो प्रत्येक ठिकाणी अडवून विचारत होता: तिथला डिफेंडर कसा होता, तू कुठे उभा राहायचास, चेंडू कोणत्या पायावर आला. काही ठिकाणी म्हणायचा, "वहाँ मैं अंदर काटता," आणि प्लॅटफॉर्मच्या फरशीवर डाव्या बुटानं रेघ ओढून दाखवायचा. कंबोडियापर्यंत पोचलो तेव्हा दुसऱ्या गाडीची घोषणा झाली.