देवरावनं ओळखलेला वारा

चांदूर रेल्वे या गावातल्या सरकारी कचेरीमागं तारेचं कुंपण घातलेली एक मोकळी जागा होती. तिथं झडपांची पांढरी लाकडी पेटी, पेटीत तापमापक, आणि उंच खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारा लोखंडी बाण. एकोणीसशे चौपन्न साली देवराव त्या कचेरीत चपराशी म्हणून लागला. सातवी पास, अक्षर वळणदार, म्हणून हवामानाच्या नोंदीही त्याच्याच गळ्यात पडल्या. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच, दोन वेळा आकडे लिहायचे आणि पाठवून द्यायचे.

दुसऱ्या कोणी ते उरकलं असतं. देवरावला त्याची गोडी लागली. छप्पन साली दीक्षेसाठी नागपूरला जायचं, तर आधी आठ दिवस त्यानं एका कारकुनाला सगळं शिकवलं, मगच गाडीत बसला. सरकारला दोनच वेळच्या नोंदी लागत. हा भर उन्हात बारालाही बाण पाहायचा, तीनलाही पाहायचा आणि स्वतःच्या वहीत लिहून ठेवायचा.

"वाऱ्याले काय पाहून राहिले सारखे?" बायको सुंदराबाई विचारायची. "तो काय पळून जाते?"

"पळूनच तर जाते," देवराव म्हणायचा. "कुठं जाते, थे पाहतो."

बासष्टचा चैत होता. सुंदराबाई मोहफुलं वेचायला माहेरी, टेंभीला गेली होती. टेंभी म्हणजे टेकडीच्या पूर्वेकडच्या पायथ्याशी पंचवीस-तीस गवती छपरांची वस्ती. मोहाखालचा पाला जाळून जागा साफ करायची तिकडं रीतच होती, आणि त्यातूनच कधी कधी वणवा लागायचा.

एका सकाळी कोरड्या तापमापकात तेहतीस अंश होते आणि ओल्या कापडाच्या तापमापकात अठराच. एवढा फरक म्हणजे हवेत ओल उरलीच नव्हती. देवरावनं मान वर केली, तर टेकडीवर धूर. बाण पूर्वेचा वारा दाखवत होता, धूरही पलीकडं पश्चिमेला झुकलेला. म्हणजे टेंभीला धोका नाही, असं कोणीही म्हटलं असतं. देवरावनं वही काढली. सात वर्षांच्या चैतातली पानं त्यानं उभ्यानंच चाळली. इतक्या कोरड्या दिवशी पूर्वेचा वारा दुपारी टिकलाच नव्हता. बारा ते तीनच्या मधात तो पश्चिमेचा झाला होता, तोही जोराचा.

त्यानं हेडक्लार्कला सांगितलं आणि सायकल काढली.

टेंभीत पोचला तर वस्तीत बाया आणि म्हातारी माणसंच उरलेली. गडीमाणसं जंगलाचा नाकेदार शेषराव याच्याबरोबर टेकडीपलीकडं, सरकारी गवताच्या गंज्या वाचवायला गेलेली. शेषराव पाणी प्यायला खाली आला होता. देवरावनं त्याला वाटेतच गाठलं.

"नाकेदारसाहेब, अर्धे गडी इकडं आणा. दुपारी वारा फिरते. आग टेंभीवर येईन."

शेषराव घामानं निथळत होता. "धूर तिकडं जाऊन राहिला, दिसत नाही काय? तू कचेरीचा माणूस, तुले जंगलातलं काय समजते?"

"जंगलातलं नाही समजत. वाऱ्याचं समजते. सात वर्षांचं लिहेल आहे."

शेषराव हात झटकून निघून गेला. देवरावनं टेकडीवरच्या धुराकडं पाहिलं. आपलं चुकलं तर? मग त्यानं सुंदराबाईला हाक मारून सगळं सांगितलं.

तिनं एकही प्रश्न विचारला नाही. घराघरातून खराटे, विळे निघाले. वस्ती आणि टेकडी यांच्या मधात, कोरड्या नाल्यापासून गाडीवाटेपर्यंत, बायांनी गवत कापलं, पाला झाडून काढला. दहा हात रुंद पट्टा उघडा केला. मग देवरावनं पट्ट्याच्या टेकडीकडच्या काठाला काडी लावली. पूर्वेचा वारा होता तोवर ती आग वर सरकत गेली आणि मागं काळी, जळकी जमीन ठेवत गेली. इकडं उडालेली ठिणगी बाया पळसाच्या फांद्यांनी झोडपून विझवत होत्या.

दीडच्या सुमारास वारा पडला. पान हलेना. आणि एकाएकी पश्चिमेकडून झोत आला. टेकडीवरची आग वळली आणि घोंघावत खाली सुटली. बाया ओरडल्या. पण काळ्या जमिनीपाशी आल्यावर तिला जाळायला काही उरलं नाही. दोन ठिणग्या पट्टा ओलांडून आल्या, एक कडब्याची गंजी गेली. छपरं सगळी वाचली.

शेषराव धावत खाली उतरला तेव्हा सुंदराबाई काजळलेल्या हातांनी बायांना पाणी देत होती. तो देवरावजवळ येऊन बसला.

"माह्यं चुकलं, देवरावभाऊ," एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळची साडेपाचची नोंद त्या दिवशी राहिली. शिकवलेल्या कारकुनाची केव्हाच बदली झाली होती. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क म्हणाला, "परवाचाच आकडा टाकून दे. कोणाले समजते?"

"मले समजते," देवराव म्हणाला, आणि रकान्यात त्यानं 'नोंद नाही' असं लिहिलं. वरून खुलासा मागवला गेला, तोही त्यानं चार ओळींत दिला. वणवा विझवल्याचं लिहिलं, गाव वाचवल्याचं नाही.

पुढच्या फागुनात शेषरावनं टेंभीच्या बाजूनंही जाळरेषा, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून ठेवलेला पट्टा, काढायला लावली. आणि चैत लागला की दुपारी बाराला त्याची सायकल कचेरीमागच्या कुंपणाला टेकलेली दिसायची. आत दोघं उन्हात उभे असत, आणि नाकेदार देवरावला विचारून आपल्या वहीत दिशा लिहून घेत असे.